पावशी, तलवार आणि शिकलगार

इतिहासात काही तारखा एकमेकींच्या शेजारी येऊन बसतात आणि बसल्या बसल्या आपल्याला प्रश्न विचारायला लागतात. तशाच या दोन.

२८ मार्च १८७६. जपानच्या सरकारने हुकूम काढला की सैन्य, पोलीस आणि समारंभाच्या पोशाखातले बडे अधिकारी सोडून यापुढे कुणीही कमरेला तलवार लावून हिंडायचं नाही. तिकडे याला 'हाईतोरेई' म्हणतात.

१८७८. आपल्याकडे लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा आला. परवान्याशिवाय शस्त्र घेऊन फिरायला बंदी, बनवायला बंदी, विकायलाही बंदी. आणि शस्त्र म्हणजे नुसती बंदूक नव्हे, व्याख्येत तलवार, खंजीर, भाला, इतकंच काय धनुष्यबाणसुद्धा!

दोन देश, मध्ये अंतर दोन वर्षांचं. दोन्हीकडे तलवारीवर पोट असणारी माणसं होती. कुणी ती घडवायचा, कुणी तिला धार लावायचा, कुणी मूठ बसवायचा. या माणसांचं पुढे काय झालं? हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला तो मात्र तलवारीमुळे नाही, स्वयंपाकघरातल्या सुरीमुळे.

झालं असं की आमचा भाचा जपानहून येताना एक सुरी घेऊन आला. लाकडी दांडा, पात्यावर तिकडच्या लिपीत कारागिराचं नाव, आणि टोमॅटोवर नुसती टेकवली तरी आत जाईल अशी धार. किंमत त्याने सांगितली तेव्हा आईने दोनदा विचारून घेतली. मग भाचा म्हणाला, "मामा, हिला धार लावून देणारा अकोल्यात कुणी मिळेल का? साध्या मशीनवर द्यायची नाही म्हणतात." मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "आधी माह्या पावशीले लावून आन, मंग त्या जपानी सुरीचं पाहू."

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगतो, पावशी म्हणजे तुमची विळी. आमच्या वऱ्हाडात तिला पावशी म्हणतात. आणि लोहाराला खाती. लहानपणी 'खात्याकडे जाऊन ये' म्हटलं की पोस्टातलं खातं नव्हे, भाता आणि ऐरण डोळ्यांसमोर यायची. पेरणीआधी वखराच्या पासा खात्याकडे जायच्या, त्यांच्याबरोबर घरातली कुऱ्हाड, इळा आणि एखादी बोथट पावशीही जायची.

तर लोखंड विदर्भाला काही नवं नाही. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नैकुंड म्हणून गाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या आसपासची. माहूरझरीच्या शिळावर्तुळांतल्या दफनांतून लोखंडी खंजीर, कुऱ्हाडी, घोड्याच्या तोंडातले लगाम निघाले. म्हणजे आपल्या भागात माणूस निदान अडीच हजार वर्षं लोखंड तापवतोय, ठोकतोय आणि घासतोय. थोडं खाली तेलंगणात, जुन्या निजामाच्या मुलखात, निजामाबादजवळ कोनसमुद्रम आहे. तिथल्या मुशीतल्या पोलादासाठी इराणचे व्यापारी येत असत. 'दमास्कस'ची म्हणून जी तलवार जगभर गाजली, तिचं पोलाद बरंचसं दख्खनचं आणि दक्षिणेचं.

धार लावणाऱ्याला आपल्याकडे वेगळं नाव होतं, शिकलगार. अरबी 'सैकल' म्हणजे घासून चकाकी आणणं, त्याला फारसी 'गर' लागला, सैकलगर. त्याचं हिंदी-पंजाबीत सिकलीगर झालं आणि मराठीत शिकलगार. घडवणारा लोहार आणि धार काढणारा शिकलगार, कामं वेगवेगळी. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे शिकलगार आडनावाची मुसलमान घरं आहेत, नांदेडकडे आणि इतरत्र शीख सिकलीगर आहेत. या शीख मंडळींच्या परंपरेत त्यांचे पूर्वज गुरू गोविंदसिंगांच्या फौजेची शस्त्रं घडवणारे होते. धर्म वेगळे, पण धंद्याचं नाव एकच.

या माणसांना वऱ्हाडात काम कमी नव्हतं. गाविलगड आणि नरनाळ्यासारखे किल्ले, एलिचपूरसारखं राजधानीचं गाव (आताचं अचलपूर), आणि १८०३ मध्ये तर युद्धच दारात आलं. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला भोसले आणि शिंदे यांच्या फौजांची वेलस्लीशी लढाई झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. शाळेत आपण ही लढाई तोफा आणि तहांच्या भाषेत शिकतो. पण लढाईच्या आदल्या आठवड्यात छावणीत किती चाकं फिरत असतील, किती जण रात्री जागून पाती घासत असतील, याचा विचार इतिहासाच्या पुस्तकात सहसा नसतो.

एका पुस्तकात मात्र धारेबद्दलची फार सुंदर नोंद सापडते. लुई नोलन नावाच्या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने १८५३ मध्ये घोडदळावर पुस्तक लिहिलं. (हा पुढच्याच वर्षी बालाक्लावाच्या प्रसिद्ध हल्ल्यात मेला.) निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जे घोडदळ होतं, त्याची रोहिल्यांशी चकमक झाली होती. त्या स्वारांच्या तलवारींनी केलेल्या जखमांचं वर्णन वाचून नोलन चकित झाला. एवढी धार? कुठलं पोलाद असेल? चौकशी केली तर कळलं की पाती इंग्लंडचीच! इंग्रजी पलटणींनी जुनी झाली म्हणून टाकून दिलेली. इथल्या स्वारांनी ती घेतली, आपल्या पद्धतीची मूठ बसवली, वस्तऱ्यासारखी धार लावली आणि लाकडी म्यानात ठेवली. इंग्रज स्वाराचं म्यान असायचं पोलादी. तलवार आत-बाहेर होताना धार त्यावर घासायची आणि बोथट व्हायची. शिवाय कवायतीत रोज तलवार उपसायची, म्हणजे रोजचं नुकसान. हा स्वार लढाईशिवाय तलवार बाहेरच काढायचा नाही.

म्हणजे बघा, पातं तेच. एकाच्या हातात निकामी, दुसऱ्याच्या हातात वस्तरा. फरक पोलादाचा नव्हता, निगेचा होता.

आणि हा घोडदळाचा खर्च आपल्या वऱ्हाडाशी थेट जोडलेला आहे. ही फौज पोसायचे पैसे थकले म्हणून तर नोलनचं पुस्तक निघालं त्याच वर्षी, म्हणजे १८५३ च्या तहाने, निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिलं. आपल्या आजोबा-पणजोबांनी कापूस पिकवून जो सारा भरला, त्यातून ती धार लावली जात होती. मुलूख कायद्याने निजामाचाच राहिला, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत, वेगळा हुकूम काढून लावले जात. पण वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते सगळ्यांना कळत होतं. घरोघरच्या तलवारी आढ्याला गेल्या, दसऱ्याला खाली यायच्या, हळदकुंकू लागून परत वर. पूजेच्या तलवारीला शिकलगार कशाला लागतो?

त्याच १८७८ साली आणखी एक कायदा आला, जंगलांचा. लोखंड गाळायला कोळसा लागतो, कोळशाला लाकूड, आणि जंगलावर आता सरकारचा हक्क. त्यात विलायती लोखंडाच्या पट्ट्या आणि शेफिल्डचे चाकू बाजारात आलेलेच. म्हणजे गाळणारा, घडवणारा आणि धार लावणारा, तिघांचंही पोट वेगवेगळ्या बाजूंनी आवळलं गेलं. खाती निदान वखर-पाभर आणि बलुत्यावर तगला. शिकलगाराने चाकाची चौकट खांद्यावर घेतली आणि दारोदार निघाला.

आता जपानकडे वळू. तिथेही तलवारीचा धंदा बसला, बऱ्याच घरांची वाताहत झाली. पण काही गावांत पाय टेकायला जागा होती. ओसाकाजवळचं साकाई हे त्यातलं एक. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात तंबाखू जपानला आली, पानं बारीक कातरायला सुऱ्या लागायला लागल्या आणि साकाईच्या सुऱ्या इतक्या चांगल्या ठरल्या की तिथल्या शोगुन सरकारने त्यांच्यावर आपली मोहोर उमटवू दिली. म्हणजे तलवारबंदी आली तेव्हा स्वयंपाकघराचा आणि दुकानाचा रस्ता तिथे आधीच आखलेला होता. सेकी हे दुसरं गाव, तलवारींसाठी प्रसिद्ध, ते चाकू-सुऱ्यांकडे वळलं. साकाईत आजही कामाची वाटणी जुनीच आहे. एक घडवतो, दुसरा धार काढतो, तिसरा दांडा बसवतो. धार काढणारा हा तिथे हलका माणूस नाही, स्वतंत्र उस्ताद आहे.

म्हणून भाच्याच्या सुरीवर नाव आहे, आणि आईच्या पावशीवर नाही.

मला यात 'ते मोठे, आपण छोटे' असं रडगाणं गायचं नाही. त्यांचं सरकार त्यांचं होतं, आपलं नव्हतं. त्यांच्याकडे शहरी गिऱ्हाईक होतं, आपल्याकडे बलुतं होतं. पण एक गोष्ट मला टोचते. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत शिकलगार आहेत, घिसाडीही आहेत. ही यादी न्यायासाठी केली, ते योग्यच. पण ज्या हातांना राजे-रजवाडे आपली शस्त्रं सोपवत होते ते हात त्या यादीपर्यंत कसे पोचले, हे आपण शाळेत कधी शिकलो नाही. आणि त्यांची विद्या संपली असं आपण न विचारताच धरून चाललो.

ती संपलेली नाही. हे मी पाहिलं ते आमच्या गल्लीत.

एक म्हातारबुवा सायकलवर यायचे. स्टँडवर सायकल उभी केली की मागच्या चाकाची ताकद पट्ट्याने घासायच्या दगडाला मिळायची. "धाऽऽर लावाची का, चाकू, सुरी, कैचीऽऽ!" त्यांचे वडील पायाने चालणारं चाक खांद्यावर घेऊन हिंडायचे. त्याही आधी दोघं जण लागत. एक जण वादीने चाक पुढे-मागे ओढायचा, दुसरा पातं धरायचा. "आमचे आजे तलवारी घासत," असं ते सहज बोलून गेले, मोठेपणा म्हणून नाही.

मी आईची पावशी आणि भाच्याची सुरी, दोन्ही घेऊन गेलो. आणि मुद्दाम एक नवा स्टीलचा चाकूही. त्यांनी पिशवीतून बारीक कानस काढली. नव्या चाकूच्या टाचेवर हलकेच फिरवली, ती धरली गेली, बारीक भुकटी पडली. पावशीवर फिरवली तर कानस घसरली. "पाहा, घसरते. म्हंजे पानी हाये." हे पाणी म्हणजे लोहाराने लालभडक पातं पाण्यात बुडवून दिलेला कडकपणा. कानस घसरली तर पातं कडक, रुतली तर मऊ. प्रयोगशाळेतल्या परीक्षेचाच हा दोन सेकंदांचा अवतार.

मग सुरी हातात घेतली. उलटसुलट पाहिली, पात्यावर नख लावलं, टिचकी मारून कानाशी नेली. आणि परत माझ्या हातात दिली. "हे चाकावर नाही लावाचं भाऊ. मरून जाईन ते. याले दगड पाह्यजे. पान्यातला."

मी थक्क. जपानी सुरीबरोबर आलेल्या कागदावर हेच लिहिलं होतं!

त्यामागचं शास्त्र असं. जपानी सुऱ्यांच्या पारंपरिक पोलादात कार्बन एक टक्क्याहून जास्त असतो. (या पोलादाला पांढरा कागद, निळा कागद अशी नावं आहेत, कारखान्यात ते ज्या रंगाच्या कागदात गुंडाळतात त्यावरून.) हे कडक पोलाद मऊ लोखंडाच्या थरात बसवलेलं असतं. पाणी दिल्यावर त्याला पुन्हा हलकी ऊब देतात, साधारण १५० ते २०० अंश सेल्सियस. त्याहून जास्त तापलं की कडकपणा उतरायला लागतो. वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर धारेची बारीक कड क्षणात तापते. निळसर झाक दिसली तर समजायचं ३०० च्या आसपास गेलं. आपल्याला ठिणग्या पाहायला मजा वाटते, पण पात्याचा जीव चाललेला असतो. खात्याकडचा इळा किंवा कोयता बहुधा ट्रकच्या जुन्या पाट्यापासून केलेला, त्यात कार्बन अर्धा-पाऊण टक्का. तो चिवट असतो, थोडा अत्याचार सहन करतो. सुरी करत नाही.

आणि घासायच्या दगडाचीही गोष्ट ऐका. जुन्या शिकलगारांचं चाक लाखेत कुरुंदाची पूड मिसळून केलेलं असायचं. कुरुंद हिऱ्याच्या खालोखाल कडक, दहाच्या मापात नऊ. इंग्रजीत कोरंडम म्हणतात तो शब्द आपल्याकडूनच गेलेला, तमिळ 'कुरुन्दम'वरून. आपल्या विदर्भातही भंडारा जिल्ह्यात पोहऱ्याकडे तो सापडतो. पुढे अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनने १८९१ मध्ये भट्टीत कार्बोरंडम तयार केलं आणि कारखान्याची चाकं स्वस्त झाली. लाखेचं चाक घरी ओतायची विद्या त्यानंतर मागे पडली.

शेवटी म्हातारबुवांनी पावशी चाकावर अगदी थोडी लावली, मध्ये तीनदा पाण्यात बुडवून, आणि शेवटचा हात साध्या दगडावर दिला. सुरीसाठी मी पाण्याचा दगड मागवला आणि कसं धरायचं ते त्यांनीच दाखवलं. ते काय म्हणाले ते इथे लिहून ठेवतो, भाच्यासाठी आणि कुणाला हवं असेल त्यासाठी.

दगड आधी पाण्यात भिजू द्यायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. रोजच्या धारेला १००० नंबरचा पुरे, नंतर हवा असेल तर ३००० ते ६००० चा. पात्याची पाठ थोडी उचलायची. साडेचार सेंटिमीटर रुंद पातं असेल तर साधारण १२ मिलिमीटर, म्हणजे १५ अंशाचा कोन होतो. तो कोन हलू द्यायचा नाही, जोर लावायचा नाही. एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला धातूची अगदी पातळ ओठासारखी कड वळते, बोटाच्या पेराला खरखर लागते. टोकापासून टाचेपर्यंत ती लागली की बाजू बदलायची. (काही जपानी सुऱ्यांना एकाच बाजूने धार असते, त्यांची रीत वेगळी. भाच्याची दोन्ही बाजूंची आहे.) शेवटी अगदी हलक्या हाताने ती कड काढून टाकायची. "जोर कराल त दगड खाईन, धार नाही येनार."

आणि पावशीचं? अडगळीत पडलेली, गंजलेली पावशी असेल तर भंगारात देऊ नका. लाल, पापुद्रे सुटणारा गंज वाईट, तो रॉकेल आणि पॉलिश पेपरने काढायचा. चिंचेनेही निघतो, पण चिंच लावून विसरायचं नाही, नाहीतर खड्डे पडतात. कैरी-कांदा चिरून चिरून आलेला काळपट करडा रंग मात्र घासून काढू नका. तो पातळ थर पात्याचं रक्षण करतो. पाट हलत असेल तर सुताराकडून पाचर मारून घ्या. वापर झाला की धुवा, लगेच कोरडी करा आणि ठेवणीत टाकायची असेल तर तेलाचा हात द्या. जपानी लोक याला कॅमेलियाच्या बियांचं तेल वापरतात. आपल्याकडे जवस आहे की! जवसाचं तेल हवेत सुकून पातळ पापुद्र्यासारखं बसतं. फक्त अगदी थोडं लावून पुसून घ्यायचं, नाहीतर चिकट होतं.

म्हातारबुवांनी पावशीचे तीस रुपये घेतले. शेजारच्या काकू त्याच वेळी त्यांच्याशी कैचीच्या दहा रुपयांवरून घासाघीस करत होत्या. मला एकदम त्या शब्दाची गंमत वाटली आणि थोडी लाजही. घासायचं काम त्यांचं, घासाघीस आपली. भाच्याच्या सुरीवरच्या नावासाठी आपण हजारो रुपये मोजतो, तेही कौतुकाने. आणि ज्याला कानस फिरवून पोलाद ओळखता येतं, जो न विचारता सांगतो की हे पातं माझ्या चाकावर मरेल, म्हणजे स्वतःचं गिऱ्हाईक स्वतःच परत पाठवतो, त्याच्याशी आपण दहा रुपयांवर अडतो.

नोलनने दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी पाहिलं ते हेच. पातं कुणाचंही असो, धार ती राखणाऱ्याची असते. दसऱ्याला आपण घरातली सगळी हत्यारं पुसून, हळदकुंकू लावून पूजतो, पावशीसुद्धा. त्याच्या चार दिवस आधी एखाद्या शिकलगाराला हाक मारून त्या पावशीला धार लावून घेतली आणि मागेल ते दिलं, तर ती पूजा थोडी जास्त खरी होईल असं मला वाटतं.

आईचं मत विचाराल तर तिने भाच्याच्या सुरीने एकदा कांदा चिरला, सुरी धुऊन पुसून ठेवली आणि म्हणाली, "चांगली हाये. पन उभ्यानं चिराव लागते." आणि पावशी ओढून बसली.